सांगलीच्या काठाने एक फेरा



सांगलीला तुम्ही आजवर किती वेळा गेला असाल? हळद घेऊन, गूळ घेऊन, बेदाणा घेऊन, नाहीतर नुसतेच बी-खताच्या चौकशीला. पहाटे गाडी मार्केट यार्डात लावायची, अडत्याच्या दुकानापुढे माल उतरायचा, सौदे निघेपर्यंत पोत्याला टेकून बसायचे. पट्टी हातात पडली की कारभारणीने सांगितलेली दोन कामे उरकायची आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचे. ज्या गावाच्या बाजारावर आपल्या घराचे वर्षाचे गणित बसते, ते गाव आपण धड पाहिलेले नसते.

मीही पाहिले नव्हते. शेतीची पदवी घेऊन खात्यात लागलो, आठ-नऊ वर्षे गावोगाव फिरलो, यार्डातले बहुतेक अडते मला नावाने ओळखत. पण नदी कुठून येते, गाव कुठे उंच आहे, कुठे सखल आहे, आपण विकलेला किंवा ठेवलेला माल कुठे जाऊन पडतो, हे कधी पायी हिंडून पाहिले नाही. त्याची किंमत मी भरली नाही. ती एका शेतकऱ्याच्या घराने भरली. ती हकीकत पुढे येईल. आधी माझ्याबरोबर चला. सुमारे दोन-अडीच तासांचा फेरा आहे. गणपतीच्या देवळापासून निघायचे, काठाने हरिपूरच्या संगमावर जायचे आणि हरिपूरच्या रस्त्याने परत पेठेत यायचे. पायात चपला घट्ट हव्यात, आणि पावसाळ्याचे दिवस सोडून केव्हाही चालेल.

गणपतीचे देऊळ तुम्हाला ठाऊक आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही राजधानी केली. त्याआधी हे नदीकाठचे लहानसे गाव होते. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, असे लोक सांगतात. आप्पासाहेबांनी किल्ला केला, देऊळ बांधले, पेठा वसवल्या, आणि नदीकाठच्या गावाचे बाजाराचे गाव झाले. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे मराठी नाटक रंगभूमीवर आणले. बाजार भरला की चार माणसे जमतात, आणि चार माणसे जमली की कलाही येते.

दर्शन घेऊन घाटावर उतरा. पाण्याला हात लावा, तोंडावर पाणी मारा. पण तिथून लगेच पाय काढू नका. उजवीकडे नदीच्या वरच्या अंगाला जुना दगडी पूल दिसतो, तो आयर्विन पूल. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला दिलेले आहे. १९२९ साली तो खुला झाला. पलीकडे सांगलवाडी. या पुलावर पाण्याची उंची मोजायची पट्टी आहे. पावसाळ्यात रेडिओवर, वर्तमानपत्रात 'आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट' असे येते ना, ते इथले. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. धोक्याच्या रेघेवर आणखी बारा फूट पाणी म्हणजे काय, हे घरात बसून कळत नाही. इथे घाटावर उभे राहून मान वर करून पाहा, म्हणजे पोटात कालवते.

आसपासच्या घरांच्या भिंतीही पाहून ठेवा. काही ठिकाणी लोकांनी पुराच्या पाण्याच्या रेघा मारून शेजारी साल लिहून ठेवले आहे. बँकेच्या पुस्तकात जशी जमा-नावे असते, तशी ही नदीची नोंदवही. ती वाचायला पदवी लागत नाही. मी मात्र पदवीधर असून ती वाचली नव्हती.

आता नदी उजव्या हाताला ठेवून खालच्या अंगाला चालू लागा. थोड्याच वेळात गाव मागे पडते. कुठे पायवाट, कुठे बांध, कुठे पाणंद. पायाखालची माती बदलते ते पाहा. ही पोयट्याची जमीन. नदीने वर्षानुवर्षे आणून घातलेला गाळ. मूठभर घेऊन चोळली तर हाताला मऊ लागते. कृष्णाकाठच्या वांग्याची चव या मातीतली आहे. तीच वांगी माळावर लावून पाहिलीत तर वाढतील, पण ती चव येणार नाही. गंमत अशी, की जी नदी पुरात पीक नेते तीच हा गाळ आणून टाकते. काठावरचा शेतकरी म्हणूनच नदीला आईही म्हणतो आणि आषाढ-श्रावणात रात्री उठून तिच्याकडे बॅटरीही मारतो.

असेच चालत राहिले की हरिपूर येते. संगमेश्वराचे देऊळ, जुनी झाडे, घाट. श्रावणी सोमवारी इथे मोठी गर्दी असते. 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवळ याच हरिपूरचे. म्हाताऱ्या नवऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवर त्यांनी १८९९ साली ते नाटक रंगभूमीवर आणले. घाटावर बसून समोर पाहा. पश्चिमेकडून वारणा येते आणि कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात दोन्ही नद्या शांत असतात. पावसाळ्यात मात्र दोन्ही एकदम भरल्या की एकीचे पाणी दुसरीला पुढे सरकू देत नाही. मग पाणी मागे दाबते, फुगते आणि काठ सोडून आजूबाजूच्या रानात शिरते. नळाला दोन बाजूंनी पाणी आले आणि तोटी एकच असली की काय होते, तसेच हे आहे.

आणि या संगमाशेजारीच हरिपूरची पेवे आहेत.

नव्या पोरांना पेव म्हणजे काय हे सांगावे लागते. जमिनीत खणलेले रांजणासारखे भुयार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे लहान आणि पोट मोठे. इथली माती अशी घट्ट, की कडा ढासळत नाहीत आणि पाणी सहसा झिरपत नाही. आपल्या काळ्या रानात असे पेव टिकणार नाही; उन्हाळ्यात भेगा पडल्या की खेळ संपला. तळाला आणि कडेला पाला-पाचट लावायचे, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून घ्यायचे आणि वर मातीचा उंचवटा करायचा, म्हणजे पावसाचे पाणी बाजूला पळते. अशी ठेवलेली हळद वर्षानुवर्षे राहायची, किडायची नाही.

यात जादू नाही. आत हवा कोंडलेली असते. माल आणि मालातली कीड दोघेही श्वास घेतात. प्राणवायू संपत जातो, कर्बवायू वाढतो आणि कीड गुदमरून मरते. औषध नाही, फवारा नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडे ठेवतात, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. हे नेमके शास्त्र आम्ही कॉलेजात पुस्तकातून शिकलो आणि इथले हमाल ते बापजाद्यांपासून वापरत आले. तुमच्या गावात धान्याचे जुने पेव असेल तर हा नियम पोराबाळांना आज सांगून ठेवा. पेवात उतरून माणसे दगावली आहेत.

आता ती हकीकत सांगतो.

साल २००५. वाळवा तालुक्यात माझ्या हद्दीत एक शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणायचो. शेत नदीपासून दूर, पण निगा अशी की हळदीचा प्लॉट पाहायला मी दुसऱ्या गावचे लोक घेऊन जायचो. त्या वर्षी आबांची हळद फार चांगली उतरली. शिजवण बरोबर, वाळवण बरोबर. हळकुंड मोडले की खट्ट आवाज व्हायचा. पॉलिश करून चाळीस पोती झाली. पण भाव मनासारखा नव्हता. आबा ऑफिसात आले आणि म्हणाले, "सायेब, इकू का ठेवू?"

मी कागद घेतला. मागच्या काही वर्षांचे भाव मांडले, ठेवणावळ मांडली, व्याज मांडले आणि सांगितले, "आबा, ठेवा. दिवाळीच्या पुढे भाव येईल."

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो तर काकी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "निम्मी इका आन् निम्मी ठेवा. पोरीचं लगीन हाय, सगळीच एका जागी कशापायी?"

मी हसलो. तोच कागद पुन्हा उलगडून त्यांना समजावून सांगितला. काकी गप्प बसल्या. शिकलेल्या माणसापुढे आपल्या बायका गप्प बसतात. त्याला आपण पटले असे समजतो.

मे महिन्यात हळद हरिपूरला पेवात गेली. ओळखीमुळे मीही तिथे गेलो होतो. पेव लिंपून झाल्यावर तिथला एक म्हातारा हमाल डोक्याचा पटका सोडीत मला म्हणाला, "सायेब, ही वळ खालच्या अंगाची हाय. वरल्या वळीत जागा बगायची व्हती." मला दुपारी मीटिंग होती. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "इतकी वर्षे ठेवतातच ना लोक इथे?" त्याने मान हलवली आणि पटका पुन्हा बांधला.

जुलैच्या अखेरीस पाऊस लागला तो थांबेना. सांगलीत पाणी शिरले. हरिपूरच्या पेवांवरून नदी वाहिली. पाणी ओसरल्यावर कितीतरी पेवे खचलेली निघाली. आबांच्या चाळीस पोत्यांतले काही म्हणजे काही हाती आले नाही. काळा, घाण वासाचा लगदा. बैलगाडीने बाहेर काढून टाकायलाही पैसे पडले.

मंडळी, पूर काही मी आणला नाही. आणि भावाचा अंदाज चुकणे हेही पाप नाही. तो भल्याभल्यांचा चुकतो. माझी चूक पुढची आहे. मी आबांकडे गेलोच नाही. पंचनाम्यांची कामे होती हे खरे. पण आबांच्या गावावरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा जीप थांबवली नाही. तोंड कसे दाखवायचे, काय बोलायचे? चांगले पीक आले तेव्हा त्यांच्या बांधावर उभा राहून फोटो काढणारा मी, नुकसान झाले तेव्हा रस्ता बदलून गेलो.

दोन महिने गेले. पितृपंधरवडा चालू होता. आबा ऑफिसच्या दारात उभे. हातात हळदीचा उपटलेला गड्डा. "कंदकूज वाटतीया. बगायला येता का?"

मी खुर्ची पुढे सरकवली. काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, "आबा, माझ्यामुळे तुमचे..."

ते म्हणाले, "हळद गेली ती गेली, सायेब. नदीनं नेली. पर तुमी आला न्हाईसा. म्हातारी रोज इचारतीया, सायेब बरं हाईत न्हवं?"

त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते. त्याच पावली मी त्यांच्याबरोबर निघालो. प्लॉटच्या खालच्या कडेला पाणी तुंबले होते. चर काढून निचरा करून दिला, सडलेले गड्डे काढायला लावले, औषधाची आळवणी सांगितली. अर्ध्याहून जास्त प्लॉट वाचला. काकींनी चहा केला. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते लग्न वर्षभर पुढे गेले आणि त्यासाठी दावणीची दोन जनावरे विकली गेली, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सांगलीला गेलो. कामाशिवाय गेलो होतो. गणपतीपासून हरिपूरपर्यंत पायी गेलो. तो म्हातारा हमाल शोधून काढला आणि म्हटले, "बाबा, मला खालची ओळ कोणती, वरची कोणती, दाखवा." त्याने काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवले. हातभर उंचीचा फरक होता, जास्त नाही. पण पाणी हातभर फरकालाही मान देते.

तेव्हापासून दर वर्षी होळीच्या सुमारास मी हा फेरा मारतो. खात्यात नवा मुलगा लागला की त्यालाही घेऊन जातो. बरीच पेवे २००५ नंतर पुन्हा उभी राहिली नाहीत. आता माल बहुतेक गोदामात नाहीतर शीतगृहात जातो. तरी ती जागा मी चुकवत नाही.

चला, आता परत फिरू. हरिपूरच्या रस्त्याने सांगलीकडे. वाट सरळ आहे. चालता चालता तीन गोष्टी सांगतो. त्या मी त्या वर्षापासून प्रत्येक शेतकऱ्याला सांगत आलो.

पहिली, सगळा माल एका जागी आणि एका भावाच्या आशेवर ठेवू नका. काकींचे ऐकायचे. गरजेपुरता विका, बाकीचा ठेवा. घरात ज्या कामाची तारीख ठरली आहे, लग्न असो, शाळेची फी असो, सोसायटीचा हप्ता असो, त्या कामाचे पैसे भावावर टांगून ठेवायचे नाहीत.

दुसरी, ठेवायचाच असेल तर गोदाम पायी जाऊन पाहा. जागा उंच आहे का? २०१९ ला आणि २०२१ ला तिथे पाणी आले होते का? शेजारच्या चहावाल्याला विचारा, तो खरे सांगेल. माल हवामानापासून वाचेल का, विमा आहे का, पावती कोणाच्या नावाची, हे लिहून घ्या. आणि पैशाची नड असेल तर पडत्या भावात विकण्याआधी शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. कृषी पणन मंडळाची ही योजना १९९० च्या सुमारापासून आहे. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवून तिच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. सहा महिन्यांची मुदत आहे, हे मात्र विसरू नका; तेवढ्यात माल सोडवावा लागतो. सगळ्याच बाजार समित्या ही योजना चालवतात असे नाही. तेव्हा आपल्या समितीत आधी विचारा.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांसाठी नाही, आम्हा सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. सल्ला बरोबर निघाला तर एकदा जावे, चुकला तर दोनदा जावे.

बोलता बोलता गणपती पेठ आली. मसाल्याचा, गुळाचा, नव्या हळदीचा वास नाकात बसतो तोच हा भाग. नांदेड-हिंगोलीकडची हळदही या बाजारात येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा यार्डात पेढे वाटले होते. मी एक पेढा कागदात बांधून आबांकडे नेला. काकींनी तो देवापुढे ठेवला आणि मग त्याचे चार तुकडे केले.

२०१९ च्या पुरात आबांची हळद तिसऱ्या हिश्श्याएवढीच शिल्लक होती. बाकीची त्यांनी उन्हाळ्यातच विकली होती. जी होती ती उंचावरच्या गोदामात, तारण ठेवलेली. पाणी ओसरून रस्ता मोकळा झाला त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. त्यांचे काही गेले नव्हते, तरी गेलो. काकी दारातच होत्या. म्हणाल्या, "या वक्ताला लवकर आलासा, सायेब."

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत, फार चालवत नाही. नातू हळद पाहतो. यंदा होळीला त्याला घेऊन मी हा फेरा मारला. पोरगा हुशार आहे. मोबाइलवर चार बाजारांचे भाव एकदम दाखवतो. मी त्याला म्हटले, "भाव दाखवलास, आता घाटावर चल, पाण्याची रेघ मी दाखवतो." त्याने तिचाही फोटो काढून घेतला.

तुमचा बाजार सांगलीचा नसेल. कराडचा असेल, वाईचा असेल, आणखी कुठल्या नदीकाठचा असेल. आपल्याकडे जुनी बाजाराची गावे बहुतेक नदीच्या काठाला आहेत. पुढच्या खेपेला माल उतरला की पोत्याला टेकून बसू नका. घरचे कोणी बरोबर असेल तर त्यांनाही घ्या, विशेषतः घरच्या बाईला. गावाभोवती एक फेरा मारा. कुठे उंच, कुठे सखल, पाणी कुठवर आले होते, हे पाहून ठेवा. आणि परतताना मुलांसाठी काही खाऊ घ्यायला विसरू नका. सांगलीत असाल तर भडंग आहेच.